संगणकाच्या पंख्याचा आवाज व त्याचें नियमन

फाल्गुन-चैत्राच्या सुमारास आमच्या देवगडच्या किनाऱ्यावर दोन गोष्टी बरोबरच येतात: उन्हाळा आणि वार्षिक परीक्षा. याच दिवसांत घराघरांतून व शाळेच्या संगणकाच्या खोलींतून एक तक्रार ऐकूं येऊं लागते. टेबलावरच्या संगणकाची पेटी, जिला आपल्याकडे सर्रास 'सीपीयू' म्हणतात, ती घोंघावूं लागते. पेटी एकच असेल तर तिच्याकडे काणाडोळा करतां येतो. परंतु दहा-बारा पेट्या एकदम घोंघावूं लागल्या म्हणजे शिक्षकास आवाज चढवावा लागतो, आणि शेवटच्या बांकावरील मुलास अर्धे शब्द ऐकूं येत नाहींत. घरींही तीच स्थिति. थोरलें भावंड संगणकावर बसलें कीं धाकट्याचें पाठांतर बिघडतें. सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांत शाळा, रुग्णालयें व न्यायालयें यांच्या सभोंवतीं १०० मीटरपर्यंतचा प्रदेश शांतता क्षेत्र ठरविण्याची तरतूद असून अशा क्षेत्रासाठीं दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. रस्त्यावरील कर्ण्याविषयीं आपण जें म्हणतों तें खोलींतील यंत्राविषयींही म्हणणें वाजवी होय.

अशा वेळीं पालक बहुधा दोन प्रश्न विचारतात. यंत्र बिघडत चाललें आहे काय, हा पहिला. आणि आवाज कमी करण्यासाठीं दुकानांतून 'फॅन कंट्रोलर' म्हणजे पंख्याचा नियामक आणावा काय, व आणल्यास कोणता, हा दुसरा. या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें प्रस्तुत लेखांत देण्याचा आमचा उद्देश आहे. आमचें म्हणणें आरंभींच थोडक्यांत सांगून ठेवतों: आवाज हें दुखणें नसून दुखण्याचें चिन्ह आहे, पंख्याचें तोंड बंद करणें हा त्यावरील उपाय नव्हे, पंख्यास उष्णतेच्या मानानें चालावयास लावणें हा उपाय होय, आणि त्यासाठीं लागणारा नियामक पुष्कळदां आपल्या पेटींत अगोदरच असतो.

प्रथम पंखा कशासाठीं असतो हें पाहूं. संगणक जी वीज घेतो ती अखेरीस जवळजवळ सर्वच उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. साध्या घरगुती संगणकाचा प्रोसेसर कामाच्या भरांत ६५ वॅट किंवा त्याहूनही अधिक वीज घेतो. घरांतील इस्त्री १,००० वॅट घेते, त्या मानानें हा आंकडा लहान वाटेल. पण इस्त्रीची उष्णता हाताच्या पंजाएवढ्या पत्र्यावर पसरलेली असते, आणि प्रोसेसरची उष्णता बोटाच्या पेराएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यांतून निघते. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब केला तर प्रोसेसर इस्त्रीहून कित्येक पट अधिक तापट ठरतो. ही उष्णता हीटसिंक नांवाच्या धातूच्या पट्ट्यांत उतरते आणि पंखा ती हवेबरोबर बाहेर लोटतो. पंखा थांबला तर थोड्याच वेळांत तापमान चढत जातें. तें ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोंचलें म्हणजे पुष्कळ प्रोसेसर आपला वेग आपण होऊन कमी करतात, आणि तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर यंत्र बंद पडतें.

संगणक आणि उष्णता यांचा हा संबंध जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्यांतील प्रत्येक नळीची तार दिव्याप्रमाणें तापत असे. पुण्याच्या आयसर संस्थेंत २०१९ सालीं बसविलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकांत तर नुसत्या हवेवर भागत नाहीं. तेथें थंड द्रव उष्ण भागांच्या अगदीं लगत खेळविला जातो. आपल्या टेबलावरील पेटी या दोहोंपुढें लहान असली तरी तिला नियम तोच लागू आहे. आंब्याच्या बागायतदारास तर हा नियम शिकवावयास नकोच. पिकतांना आंबा स्वतः उष्णता सोडतो, म्हणून पेटीला भोकें ठेवतात, आढी फार दाट रचीत नाहींत. हवा कोंडली कीं आंतलें फळ बिघडलेंच म्हणून समजावें. संगणकाच्या पेटीचीं भोकें भिंतीला चिकटवून किंवा तिच्यावर कापड पांघरून जो ती ठेवतो, त्यानें आपल्याच आढीचा विचार करून पाहावा.

आतां आवाज कसा होतो तें पाहूं. पातें हवा कापतें तेव्हां त्याच्यामागें भोंवरे उठतात. जाळीवर, तारांवर आणि धातूच्या पट्ट्यांवर हवा आपटते. त्यांतून तो सूं-सूं आवाज निघतो. ध्वनीची तीव्रता डेसिबल या मापानें मोजतात. टेलिफोनचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच्या नांवावरून हें माप पडलें आहे. हें माप साध्या फुटपट्टीसारखें नाहीं. १० डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची शक्ति दसपट होते, आणि आपल्या कानाला तो आवाज सुमारें दुप्पट मोठा वाटतो.

पंख्याच्या बाबतींत तीन नियम अवश्य पाठ करावेत. पंख्याचे फेरे दुप्पट केले तर हवा दुप्पट वाहते, हवेचा दाब चौपट होतो, आणि त्यास लागणारी शक्ति आठपट होते. देवगडच्या सड्यावर उभारलेल्या पवनचक्क्या आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिल्या आहेत. तेथेंही हाच घनाचा नियम चालतो, फक्त उलट्या दिशेनें: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्यांतील शक्ति आठपट होते. आवाजाच्या बाबतींत हिशेब याहूनही कडक आहे. फेरे दुप्पट केले कीं पंख्याचा आवाज सुमारें १५ डेसिबलनें वाढतो. हीच गोष्ट उलटी वाचली म्हणजे आपल्या फायद्याची होते. मिनिटाला २,४०० फेरे करणारा पंखा १,२०० फेऱ्यांवर आणला तर हवा निम्मी होते खरी, पण आवाज १५ डेसिबलनें उतरतो, म्हणजे कानाला जवळजवळ एक तृतीयांश वाटतो. थोडी हवा सोडून पुष्कळ शांतता मिळते, असा हा सौदा आहे. आणि पंख्याच्या नियमनाचा सारा अर्थ या एका वाक्यांत आला.

याच हिशेबानें मोठा पंखा हळू फिरविणें हें लहान पंखा जोरानें फिरविण्यापेक्षां चांगलें ठरतें. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजीं १२० मिलिमीटरचा तशाच घडणीचा पंखा तितक्याच फेऱ्यांनीं फिरविला तर तो तिपटीहून अधिक हवा देतो. तेव्हां पेटींत मोठ्या पंख्यास जागा असेल तर नियामकाआधीं पंख्याचा विचार करावा.

परंतु खर्च करण्यापूर्वीं आवाज कोठून येतो तें शोधावें. झांकण उघडून, कागदाची सुरळी कानाशीं धरून ती एकेका भागाकडे वळवावी. सुरळी पात्यांत मात्र घुसवूं नये. काम वाढलें कीं चढणारा आणि काम थांबलें कीं उतरणारा आवाज हा हवेचा होय. नियामकाचा उपयोग होईल तो यालाच. काम असो वा नसो, एकसारखी घरघर किंवा किरकिर होत असेल तर पंख्याचें बेअरिंग झिजलेलें असतें. अशा पंख्यास नियामक जोडणें म्हणजे खोकणाऱ्या मनुष्यास हळू खोक म्हणून सांगणें होय. तो पंखा बदलावा हेंच उत्तम. टिक-टिक किंवा खर-खर असा आवाज जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असूं शकतो. तसा तो असेल तर आंतील माहितीची प्रत आधीं दुसरीकडे काढून ठेवावी. पेटीवर तळहात दाबतांच आवाज थांबला तर तो सैल झालेल्या स्क्रूचा किंवा पत्र्याचा होय, आणि त्याचा इलाज एक पेचकस.

आमच्या भागांत आणखी एक कारण विशेषच आढळतें. जांभ्या दगडाची बारीक तांबडी धूळ घरांत येते आणि समुद्रावरची खारी, दमट हवा तिला चिकट बनविते. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्यें या धुळीचा नमदा बसला म्हणजे हवेला वाट राहत नाहीं, तापमान चढतें, आणि पंखा बिचारा अधिकाधिक जोरानें फिरूं लागतो. येथें दोष पंख्याचा नसून धुळीचा असतो. म्हणून वर्षांतून निदान दोनदां, एकदां उन्हाळ्यापूर्वीं व एकदां पावसाळा संपल्यावर, पेटी साफ करावी.

ती रीति अशी. संगणक बंद करून वायर भिंतींतील सॉकेटमधून काढावी. आंत हात घालण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज नाजूक भागांत न जातां धातूंत उतरते. पातें एका बोटानें स्थिर धरून कोरड्या मऊ ब्रशानें धूळ झाडावी. ब्लोअर वापरल्यास पातें मोकळें सोडूं नये. वाऱ्याच्या झोतानें तें भलत्याच वेगानें फिरून बेअरिंग बिघडतें. शिवाय फिरविलेला पंखा पवनचक्कीप्रमाणें स्वतःच वीज उत्पन्न करूं लागतो आणि ती मदरबोर्डांत शिरूं शकते. ज्या पत्र्याच्या डब्यांतून संगणकास वीज मिळते, त्या एसएमपीएसचें झांकण मात्र विद्यार्थ्यांनीं कधींही उघडूं नये. वायर काढल्यावरही त्यांतील कॅपॅसिटरमध्यें कांहीं काळ जिवास धोका पोंचविण्याइतकी वीज सांठलेली असते. त्याच्या पंख्यास बाहेरचा नियामक जोडण्याचा खटाटोपही करूं नये.

सफाई झाली, पंखा धडधाकट आहे, आणि तरीही आवाज होतो, अशी खात्री झाली म्हणजेच नियामकाकडे वळावें.

नियामक ही वस्तु आपणांस परकी नाहीं. छतावरील पंख्याचा रेग्युलेटर प्रत्येक घरांत असतो. जुन्या घरांच्या भिंतीवर एक मोठी चौकोनी पेटी असे. तिच्यांत रोधक तारेचीं वेटोळीं असत. पंखा हळू केला कीं उरलेली वीज त्या वेटोळ्यांत उष्णता होऊन वायां जाई, आणि पेटी हाताला गरम लागे. पुढें आलेल्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरनें हा अपव्यय पुष्कळ कमी केला. मात्र या दोन्हींत बटण फिरविणारा मनुष्यच असतो. यापुढची पायरी म्हणजे मनुष्याविना चालणारें नियमन. जेम्स वॅट यानें १७८८ सालीं आपल्या वाफेच्या यंत्रास दोन फिरत्या गोळ्यांचा 'गव्हर्नर' बसविला. यंत्र वेगानें चाललें कीं गोळे बाहेर फेंकले जात व वाफेची झडप थोडी मिटे. यंत्र मंद झालें कीं गोळे खालीं येत व झडप उघडे. यंत्रानेंच आपली स्थिति पाहून आपणांस आवरावें, ही ती कल्पना होय. संगणकाच्या पंख्याचा चांगला नियामक याच घराण्यांतला आहे. तेथें गोळ्यांच्या जागीं तापमान मोजणारा सूक्ष्म घटक असतो, इतकाच भेद.

संगणकाचा पंखा १२ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतो. छतावरील पंखा २३० व्होल्टच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालतो. म्हणून घरचा रेग्युलेटर संगणकाच्या पंख्यास जोडण्याचा विचारही मनांत आणूं नये. त्यानें पंखा तर जळेलच, पण जोडणाराच्या जिवावरही बेतेल.

नियामक निवडण्याची गुरुकिल्ली पंख्याच्या वायरींत आहे. पंख्याच्या टोकाशीं असलेल्या कनेक्टरचीं भोकें मोजावींत. दोन वायरी असतील तर त्या केवळ विजेच्या असतात. तीन असतील तर तिसरी फेऱ्यांची बातमी देते. पंखा दर फेऱ्यास दोन ठोके पाठवितो आणि मदरबोर्ड ते मोजून मिनिटाचे फेरे सांगतो. चार असतील तर चौथी वायर आज्ञेची असते. तीन वायरींच्या पंख्यास हळू करावयाचें तर १२ व्होल्टऐवजीं ९, ७ असा कमी दाब द्यावा लागतो. फार कमी दिला तर फिरता पंखा फिरत राहील कदाचित्, पण थांबलेला पंखा सुरूच होणार नाहीं. चार वायरींच्या पंख्यास १२ व्होल्ट सतत मिळतात, आणि चौथ्या वायरीवरून 'चालू-बंद, चालू-बंद' असा अतिजलद इशारा जातो. चालूचा काळ निम्मा ठेवला तर पंखा सुमारें निम्म्या जोरानें फिरतो. या पद्धतीस 'पीडब्ल्यूएम' म्हणतात. इंटेल कंपनीनें ठरवून दिलेल्या मानाप्रमाणें हा इशारा सेकंदास सुमारें २५,००० वेळां जातो. हाच आंकडा कां? मनुष्याचा कान सेकंदास फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. इशारा त्याच्या पलीकडे ठेवल्यामुळें त्याची स्वतःची शिट्टी ऐकूं येत नाहीं.

येथें एक गोष्ट आवर्जून सांगतों, कारण आवाजाच्या पुष्कळ तक्रारी तिच्यांतून उद्भवतात. तीन भोकांचा कनेक्टर मदरबोर्डावरील चार पिनांच्या जागीं बसतो, आणि म्हणून सर्व कांहीं ठीक आहे असें वाटतें. परंतु मदरबोर्डावर त्या जागेसाठीं 'पीडब्ल्यूएम' ही रीति निवडलेली असेल तर तीन वायरींच्या पंख्यास चौथ्या वायरीचा इशारा पोंचतच नाहीं, आणि तो रात्रंदिवस पूर्ण वेगानें फिरत राहतो. बायोसमध्यें जाऊन त्या जागेची रीति 'डीसी' किंवा 'व्होल्टेज' अशी केली कीं तोच पंखा शांत होतो. यास एक पैसाही पडत नाहीं.

आतां नियामकांचे प्रकार पाहूं.

पहिला प्रकार मदरबोर्डावरील अंगभूत नियामकाचा. संगणक सुरू होतांना 'डिलीट' किंवा 'एफ २' यांसारखी कळ दाबली असतां बायोस उघडतो. त्यांत पंख्यासाठीं निराळें पान असतें. अमुक तापमानास अमुक टक्के वेग, असा चढता आलेख तेथें मांडतां येतो. हा वॅटच्या गव्हर्नरचा खरा वारस होय. तो फुकट असतो, आणि संगणकावर कोणतीही प्रणाली असली तरी काम करतो. आमच्या मतें बहुतेकांनीं येथेंच थांबावें.

दुसरा प्रकार प्रोग्रॅमचा. विंडोजसाठीं 'फॅन कंट्रोल' नांवाचा मोफत प्रोग्रॅम आहे. लिनक्सवर 'एलएम-सेन्सर्स' या संचाबरोबर 'फॅनकंट्रोल' मिळतो. बायोसहून यांत सोय अधिक असते. उदाहरणार्थ, ग्राफिक कार्ड तापलें कीं पेटीचा पंखा वाढावा, असें सांगतां येतें. पूर्वीं गाजलेला 'स्पीडफॅन' नव्या मदरबोर्डांस पुष्कळदां ओळखीत नाहीं. प्रोग्रॅमचा दोष असा कीं, प्रणाली अडकून पडली तर त्याचीही देखरेख थांबते. म्हणून बायोसमधील मांडणी सुरक्षित ठेवूनच त्याचा उपयोग करावा.

तिसरा प्रकार रोधक असलेल्या लहानशा वायरीचा. ती पंखा आणि मदरबोर्ड यांच्या मध्यें जोडतात. ऑस्ट्रियाची नॉक्टुआ कंपनी आपल्या पुष्कळ पंख्यांबरोबर अशी वायर देते. ही जुन्या भिंतीवरील रेग्युलेटरची धाकटी बहीण होय: स्वस्त, सोपी, पण आंधळी. तापमान वाढलें तरी पंख्याचा कमाल वेग ती वाढूं देत नाहीं. उन्हाळ्यांत ३३-३४ अंशांच्या खोलींत प्रोसेसरच्या पंख्यास ती लावणें आम्हांस पसंत नाहीं; पेटीच्या मागील जादा पंख्यास लावावयास हरकत नाहीं.

चौथा प्रकार पेटीच्या दर्शनी भागांत बसणाऱ्या बटणांच्या पट्टीचा. प्रत्येक पंख्यास एकेक फिरतें बटण असतें. ती देखणी दिसते, आणि मुलांस तिचें आकर्षण वाटतें. परंतु रात्रीं शांततेसाठीं बटण उतरविलें आणि सकाळीं चढविण्यास विसरलें, तर दुपारच्या कामांत यंत्र तापतें. शिवाय ती बसविण्यास पूर्वींच्या सीडी ड्राइव्हएवढी जागा लागते, आणि नव्या पेट्यांत ती जागा बहुधा नसतेच. शाळेच्या खोलींत, जेथें एका यंत्रावर दिवसांतून पांच-सहा हात फिरतात, तेथें ही पट्टी मुळींच नको.

पांचवा प्रकार 'हब' म्हणजे विभाजकाचा. मदरबोर्डावर पंख्यासाठीं जागा दोनच आणि पंखे चार, अशा वेळीं याचा उपयोग होतो. मदरबोर्डावरील एका जागेंतून साधारणपणें १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट, इतकीच वीज घेणें सुरक्षित असतें. म्हणून पंखे अधिक असतील तर एसएमपीएसच्या सॅटा वायरींतून वीज घेणारा हब निवडावा; तो मदरबोर्डांतून फक्त आज्ञा घेतो आणि ती सर्व पंख्यांस सारखी वांटतो. मात्र फेऱ्यांची बातमी एकाच पंख्याची कळते, हें ध्यानांत ठेवावें. बहुतेक साधे हब चौथ्या वायरीवरच चालतात. तीन वायरींचे पंखे त्यांना जोडल्यास ते पूर्ण वेगानेंच फिरतील.

सहावा प्रकार स्वतःची तापमापक तार असलेल्या स्वतंत्र नियामकाचा. ज्या जुन्या मदरबोर्डावर पेटीच्या पंख्याचें नियमनच होत नाहीं, त्याला हा खरोखर उपयोगी आहे. तापमापकाचें टोक हीटसिंकजवळ किंवा पेटींतून गरम हवा बाहेर पडते तेथें बसवावें. फिरत्या पात्यास तें लागणार नाहीं अशी काळजी घ्यावी.

एवढ्या प्रकारांतून निवड कशी करावी? दुकानांत जाण्यापूर्वीं पांच प्रश्नांचीं उत्तरें कागदावर लिहून न्यावींत. पंखे किती आहेत? प्रत्येकाच्या वायरी किती? प्रत्येकावर छापलेले अँपिअर किती? मदरबोर्डावर पंख्यासाठीं जागा किती व त्या किती पिनांच्या? बायोसमध्यें पंख्याचें पान आहे काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर 'आहे' असें असेल आणि जागा पुरेशा असतील, तर कांहींच विकत घेऊं नये. जागा कमी असतील तर वीज निराळी घेणारा हब घ्यावा. पान नसेल आणि प्रोग्रॅमही चालत नसेल, तरच तापमापक असलेला स्वतंत्र नियामक घ्यावा. हा कागद बरोबर असला म्हणजे कणकवलीस एक खेप पुरते; नसला तर दोन होतात.

शेवटीं आलेखाविषयीं. परदेशी ग्रंथांतून व चित्रफितींतून दिलेले आंकडे जसेच्या तसे उतरून घेणें आमच्या किनाऱ्यावर हिताचें नाहीं. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या हवेहून थंड करूं शकत नाहीं. तो फक्त दोहोंमधील अंतर आटोक्यांत ठेवतो. २२ अंशांच्या खोलींत जो प्रोसेसर ६० अंश दाखवितो, तोच त्याच कामांत व त्याच पंख्यावर ३३ अंशांच्या खोलींत सुमारें ७१ दाखवील. तेथल्या माणसानें ६० अंशांस पंखा वाढविण्याची आज्ञा दिली असेल आणि ती आपण उचलली, तर आपला पंखा चैत्रांत सारा दिवस ओरडत राहील. आरंभासाठीं पुढील मांडणी ठीक आहे: ५५ अंशांपर्यंत ३५ टक्के, ६५ ला ५० टक्के, ७५ ला ७५ टक्के, आणि ८५ च्या पुढें पूर्ण वेग. ही पूर्ण वेगाची शेवटची पायरी कोणत्याही कारणानें काढूं नये. आवाज सारखा चढ-उतार करीत असेल तर बायोसमधील 'विलंब' किंवा 'स्मूदिंग' ही सोय कांहीं सेकंदांवर ठेवावी. एकसारखा मंद आवाज कान विसरतो, चढता-उतरता विसरत नाहीं.

मांडणी केल्यावर तिची परीक्षा घ्यावी, आणि ती श्रावणांतील थंड रात्रीं नव्हे, तर वैशाखांतील दुपारीं. संगणकास तासभर जड काम द्यावें. तापमान ८५ च्या खालीं स्थिर झालें आणि कानास त्रास नाहीं, तर मांडणी साधली. तें चढतच राहिलें तर आलेख एक पायरी वर घ्यावा, किंवा हीटसिंकखालील वाळलेली थर्मल पेस्ट जाणकाराकडून बदलून घ्यावी. थोडा आवाज आणि शाबूत यंत्र यांचा पर्याय पूर्ण शांतता आणि तापलेलें यंत्र हा नव्हे, हें पालकांनीं मुलांस समजावून द्यावें. घरांत एकच संगणक असेल आणि त्यावर दोन-तीन मुलांचा अभ्यास अवलंबून असेल, तर तें विशेषच अगत्याचें आहे.

आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस या सुट्टींत एक काम सुचवितों. वहींत चार रकाने आंखावे: खोलीचें तापमान, प्रोसेसरचें तापमान, पंख्याचे फेरे, आणि मोबाईलवरील ध्वनिमापकानें दाखविलेले डेसिबल. मोबाईलचा आंकडा अगदीं बिनचूक नसतो, पण फोन एकाच जागीं ठेवला तर आधीं व नंतर यांची तुलना करण्यास तो पुरेसा आहे. आठवडाभर सकाळ, दुपार व रात्र अशा नोंदी कराव्या, आणि फेऱ्यांपुढें डेसिबल मांडून आलेख काढावा. दुप्पट फेऱ्यांस १५ डेसिबल हा नियम आपल्या पेटीस कितपत लागू पडतो, तें ज्याचें त्यास दिसेल. ती वही जून महिन्यांत शाळा उघडल्यावर विज्ञानाच्या तासास घेऊन यावी.